खाडीचा सातबारा कोणाकडे?



कपाशी-ज्वारीच्या कास्तकारांच्या या पत्रिकेत ठाण्याच्या कोलशेतची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. आपण पाण्यासाठी आभाळाकडे बघणारी माणसे. तिथे तर गावाला लागूनच खाडी. पण एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने वीज, शेतीसारखे कर्ज, विमा अशा सवलती त्यात आहेत. म्हणजे सरकारी कागदावर कोळी आता आपला भाऊबंद झाला. भावकीत नवा माणूस आला की त्याच्या घरी जाऊन चूल कशी पेटते ते विचारावे, ही आपली रीत आहे.

कोलशेत हे उल्हास नदीच्या खाडीकाठचे जुने गाव. पलीकडच्या काठाला भिवंडी तालुक्यातले काल्हेर. या पट्ट्यातील कोळी-आगरी वस्त्यांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भात, मीठ आणि मासे यांवर चालले. आपला पेरा मृगावर ठरतो, तसा कोळ्याचा दिवस तिथीवर ठरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी चढते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी मंदावते. जाळे कधी लावायचे ते त्यावरून. बोय, कोळंबी, चिंबोरी, निवटी ही त्याची पिके. काठावरची तिवरे ही त्याची रोपवाटिका. मासळीची आणि कोळंबीची पिले त्या झाडांच्या मुळांच्या आडोशाला वाढतात. तिवर तोडले की बियाणेच संपले.

या शेतात काय काय शिरले ते पहा. वरच्या अंगाला उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवली ही शहरे. त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी खाडीत उतरते. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासा तिथे गुदमरतो किंवा दूर जातो. ठाणे-भिवंडीच्या खाडीपट्ट्यात सक्शन पंपांनी रेती उपसली गेली. आपल्या वावरातली वरची वीतभर माती कोणी खरवडून नेली तर जे होईल, तेच तळ खरवडल्यावर खाडीचे होते. कोलशेतच्या रस्त्यावर आधी रासायनिक कारखाने आले, आता तिथे टोलेजंग इमारती आहेत. २०१६ च्या कायद्याने हीच खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाली आणि बोटींच्या धक्क्यांच्या यादीत कोलशेतचे नाव आले.

यातल्या प्रत्येकाकडे कागद आहे. बिल्डरकडे खरेदीखत, कारखान्याकडे परवाना, रेतीवाल्याकडे ठेका, बोटीकडे संसदेचा कायदा. जो सगळ्यांच्या आधीपासून तिथे आहे, त्या कोळ्याच्या हाती मात्र खाडीचा सातबारा नाही. म्हणून त्याचे नुकसान हे हिशेबात नुकसानच धरले जात नाही. जे तुमचे नव्हतेच ते गेले म्हणून काय बिघडले, असा सारा सवाल!

न्यायालयांनी या सवालाला उत्तर दिले आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील पीठाने उरण भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे हिशेब केला तर पावणेसहा लाखांच्या थोडे वर. २०२१ मध्ये वाशीच्या मच्छीमार संस्थेच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मासेमारीचा रूढीने चालत आलेला हक्क मान्य केला. निकाल मोलाचे आहेत. पण प्रत्येक गावाने आधी उद्ध्वस्त व्हायचे, मग वर्षानुवर्षे तारखा करायच्या आणि आपण इथे मासे धरत होतो हे नव्याने सिद्ध करायचे, हा कुठला न्याय? २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मासेमारीच्या आणि माशांच्या पैदाशीच्या जागा नकाशावर दाखवाव्यात असे लिहिले होते. नोंद आधी झाली पाहिजे, प्रकल्प मागून.

नोंदीने काय होते हे आपल्या विदर्भाने पाहिले आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातला बांबू विकण्याचा निर्णय आता ग्रामसभा घेते. जंगलाला असा कायदा झाला, खाडीला नाही. शेतीचा दर्जा मिळाला, पण शेत कोणते आणि कसणारा कोण हे कागदावर आले नाही, तर सवलती मोठे तळेवाले आणि मोठे बोटवाले नेतील. लहान होडीवाला आणि बाजारात पाटी घेऊन बसणारी कोळीण यांच्या वाट्याला काय येईल?

आता आपल्या घरात पाहू. सीसीआयच्या केंद्रावर हमीभावाने कापूस घालायचा तर सातबाऱ्यावर कपाशीच्या पेऱ्याची नोंद लागते. बटईने किंवा मक्त्याने कसणाऱ्याचे नाव त्या कागदावर नसते. तो घाम गाळतो आणि खेडा खरेदीत पडेल त्या भावाने कापूस देतो. गारपिटीची मदत येते, ती जमीन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात. निंदणी-वेचणीत कंबर मोडणाऱ्या मायबहिणींची नावे किती सातबाऱ्यांवर आहेत? ज्या गायरानावर गावाची जनावरे जगली, तेही उद्या कोणाला दिले गेले तर चराईचा पुरावा आपण कोणता दाखवणार? काही भाऊ म्हणतात, आधी भावाचे बोला, बाकी नंतर. आम्ही भावाचेच बोलतो आहोत. ज्याची नोंद नाही त्याला हमीभावही नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन याद्या आणाव्यात. बटई-मक्त्याने कसणारे किती. नवऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या, पण नाव नसलेल्या बाया किती. आणि गायरान, नाला, पांदण यांवर कोणाकोणाचे पोट चालते. नावे ग्रामसभेत वाचून घ्यावीत, म्हणजे मागाहून वाद नको. बैठकीत या याद्यांसह ठराव होईल: कसणाऱ्याची नोंद करा, आणि खाडीकाठच्या प्रत्येक गावाची मासेमारीची हद्द नकाशावर आणा. दोन्ही मागण्या एकाच कागदावर जातील. कोलशेतचा कोळी आपल्याला कधी भेटला नसेल. त्याचे दुखणे मात्र आपल्याच बांधावरचे आहे.