गादीवरचे आयुष्य आणि शरीराचे बळ

सावरगाव, सौंसर, पांढुर्णा या टापूतील आपला व्यापारी वर्ग उद्योगी आहे, हे कोणीही मान्य करील. संत्र्यांचा व कापसाचा हंगाम आला की त्यास उसंत म्हणून मिळत नाही. परंतु या उद्योगात बुद्धीला व जिव्हेला जेवढे श्रम पडतात, त्याच्या शतांशानेही मांड्या, पाठ व पोट यांच्या स्नायूंना पडत नाहीत. बैठक गादीवर, प्रवास वाहनातून आणि ओझे हमालाच्या पाठीवर! मग एखादे दिवशी हमाल येत नाही, आपणच वाकून पोते उचलतो आणि कंबर धरून खाली बसतो. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांना अशाच प्रसंगी तीन आठवडे अंथरूण धरावे लागले. दोष पोत्याचा नव्हता; वर्षानुवर्षे बेकार ठेवलेल्या स्नायूंचा होता.

वयाबरोबर स्नायूंचे बळ घटत जाते. मात्र व्यायामाने ते उतारवयातही वाढविता येते. मांड्या बळकट असल्या म्हणजे गुडघ्यांस आधार मिळतो; पोट व पाठ कण्यास सावरतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंच्या बळवर्धक व्यायामाची, तर ६५ वर्षांवरील मंडळींना तीन दिवस तोल सांभाळण्याच्याही व्यायामाची शिफारस केली आहे.

ही शिकवण आपल्या मुलखास नवी नाही. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार जगास दाखविले. जोर-बैठकांना यंत्र लागत नाही की भांडवल. ज्यांना त्या जड वाटतील, त्यांनी भिंतीस हात टेकून जोर काढावेत, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे. ओझे उचलताना गुडघे वाकवावेत आणि ते अंगाजवळ धरावे. जुने दुखणे असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे.

घरकामातच व्यायाम होतो, असे सांगून भगिनींना यातून वगळणे आम्हांस मान्य नाही. आपल्या संघाने आठवड्यातून दोन सकाळी सामुदायिक व्यायामाची सोय करावी व भगिनींसाठी स्वतंत्र वेळ ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे जमिनीवर बसून, हाताचा आधार न घेता आपण उठू शकतो काय? प्रत्येकाने आज स्वतःपुरती एवढी परीक्षा घेऊन पाहावी.