५४४ पायऱ्या

परवा दादाचं कपाट आवरताना वहिनीने एक चपटी वस्तू माझ्या हातात ठेवली. "हे तुम्हीच न्या वन्सं, मला त्यातलं काही कळत नाही."

कॅसिओ पीबी-१००! १९८५ साली दादाने मस्कतहून येताना आणलेला. त्याला कॅलक्युलेटर म्हटलं की तो चिडायचा, "कॉम्प्युटर आहे तो!" आणि होताच. खिशात मावणारा, तरी बेसिक भाषेत प्रोग्राम लिहिता येणारा. पडद्यावर एका वेळी बाराच अक्षरं. लांब ओळ मालगाडीसारखी डावीकडे सरकत जायची. प्रोग्रामला जागा ५४४ पायऱ्यांची. ओळीचा क्रमांकच त्यातल्या दोन खायचा. त्यामुळे दादा एकेक अक्षर वाण्यासारखं तोलून वापरायचा.

आमच्या शाळेच्या पतपेढीच्या कर्जाचं व्याज तो यावर काढून द्यायचा. मी बीए मराठी, मला आकड्यांची धास्ती!

या यंत्राची सगळी स्मृती दोन बटन सेलांच्या जिवावर. सेल संपले की प्रोग्राम गेला. कॅसेटवर उतरवायची सोय होती, पण त्याची जोडणी वेगळी विकत घ्यावी लागे. दादाने घेतली नाही. त्याने दोनशे पानी वही केली.

नातवाने नवे सेल घातले (ते अजून सहज मिळतात, बरं का). पडदा उजळला, आत काहीच नाही. मग मी वहीतून वाचत गेले, तो टाइप करत गेला. ७० व्या ओळीशी समासात दादाचं अक्षर : "बेबी म्हणते, पैसे वर गोल नकोत. शिपायांचं नुकसान होतं. बदलले."

मी हे कधी म्हटलं होतं, मला आठवतही नाही. त्याने मात्र ऐकलं होतं.

नातू म्हणतो, "आजी, आता फोनमध्ये सगळं सेव्ह असतं." असेलही. पण माझं मत सांगते. यंत्रात उत्तर राहतं, कारण राहत नाही. ५४४ पायऱ्यांत कारणाला जागाच नव्हती, म्हणून ते वहीत गेलं आणि म्हणूनच उरलं. आज जागा मुबलक आहे, तरी 'का' कोणी लिहीत नाही. मृत्युपत्र असो, औषध असो वा लोणच्याचं प्रमाण, शेजारी कारणाची एक ओळ लिहून ठेवा. हातानेच लिहा.

असो. व्याज बरोबर आलं. पैसे वर गोल न करता.