जयंतीचे रक्तदान हा दाट रक्तावरचा इलाज नव्हे

आपल्या घरांत रक्ताचा विषय निघतो तो ते कमी असल्याचाच. बाळंतिणीचे हिमोग्लोबिन, मुलींचा अशक्तपणा, सिकलसेलची तपासणी. रक्त जास्त होऊनही माणूस अडचणीत येतो, हे पिंप्राळ्यात सांगितले तर लोक हसतील. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ते घडते.

ही इंजेक्शने कोण घेतात? शरीरात हे संप्रेरक कमी बनणारे पुरुष. जन्मनोंद मुलगी म्हणून झालेली, पण पुरुष म्हणून जगणारी आपलीच भावंडे, म्हणजे ट्रान्स पुरुष. आणि दंड फुगवायला जिममधून परस्पर सुई टोचून घेणारी पोरं. या पोरांबद्दल आमचे मत सरळ आहे: डॉक्टरांना दाखवा आणि बंद करा. पहिल्या दोघांना ते औषध गरजेचे असते, त्यांना ‘सोडून दे’ म्हणणे हा सल्ला नव्हे.

टेस्टोस्टेरॉनमुळे हाडांतल्या मगजात लाल पेशी जास्त बनतात आणि रक्त दाट होते. सीबीसीच्या कागदावर ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ असा आकडा असतो, तो पाहा. ५४ टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर औषध थांबवतात आणि तो उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा देतात. औषध सुरू करण्याआधी एकदा, मग तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी हवी. ट्रान्स पुरुषांनी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी करावी. त्यांच्या कागदावर ‘स्त्री’ लिहिलेले असले तर ४७ आकडाही जास्त म्हणून छापून येतो. घाबरू नये, पुरुषांच्या मापाने वाचून घ्यावा.

मग कुणीतरी सांगते, ‘१४ एप्रिलच्या शिबिरात एक बाटली दे, रक्त पातळ होईल.’ आमचा विरोध आहे तो याला. ३५० मिलिलिटर रक्त काढल्याने आकडा थोडे दिवस उतरतो. मात्रा तीच राहिली तर तो परत चढतो. शिवाय प्रत्येक बाटलीबरोबर लोह जाते, आणि वारंवार दिले की आकडा चढा असूनही अंगात त्राण राहत नाही. ट्रान्स व्यक्तींना तर ही वाटही बंद आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनी त्यांना रक्तदानास कायमचे अपात्र ठरवले. त्याविरुद्ध २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. वागणूक न पाहता अख्खा माणूसवर्गच बाद करणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रक्त काढणे खरेच गरजेचे असेल तर ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावर, रुग्णालयात, उपचार म्हणून व्हावे.

खरा इलाज मात्रेत आहे. महिन्याचे मोठे इंजेक्शन तोडून लहान मात्रा कमी अंतराने घेता येते. जेलही मिळते, पण महाग पडते. बिडी-सिगारेटने आकडा वाढतो. झोपेत श्वास अडकून घोरणाऱ्यांचाही वाढतो. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पाणी कमी पडले तर कागदावर रक्त उगाच दाट दिसते, म्हणून नीट पाणी पिऊन तपासणी करावी. एकच पोटरी सुजली, छातीत दुखले, दम लागला, अर्धे अंग लुळे पडले तर मात्र कागदाची वाट न पाहता सिव्हिल गाठावे.

जयंती मंडळांकडे आमचे मागणे आहे. यंदा रक्तदानाच्या टेबलाशेजारी सीबीसीचेही एक टेबल लावा. आणि अहवाल माईकवर नाव पुकारून वाटू नका, ज्याचा त्याच्या हातात बंद पाकिटात द्या.