कावनचा ऊस

मुक्या जीवाला पोटभर खाऊ घातले की आपले कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. इस्लामाबादच्या मरगझार प्राणिसंग्रहालयातील कावन या हत्तीची हकिकत ही समजूत मुळापासून हलवणारी आहे.

१९८५ साली श्रीलंकेने पाकिस्तानला हे पिल्लू भेट दिले. त्या देशाच्या रानात हत्ती नाहीत. त्यामुळे त्याचे कौतुक अमाप झाले. पुढे ‘सहेली’ नावाची हत्तीण सोबतीला आली. २०१२ मध्ये ती मरण पावली आणि कावन एकटा उरला. तासन्‌तास तो जागच्या जागी डोके डोलवीत उभा राही. अनोळखी माणसाला ती हत्तीची गंमत वाटावी. वस्तुतः ते बंदिवासाने आणि एकाकीपणाने जडलेले दुखणे होते.

मे २०२० मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अतहर मिनल्ला यांनी प्राण्यांनाही कायद्याने हक्क आहेत, असा निर्वाळा देऊन कावनला योग्य अभयारण्यात हलविण्याचा आदेश दिला. तथापि, केवळ आदेशाने जीव वाचत नाही. त्याच संग्रहालयातील सिंह आणि सिंहिणीला हलविताना, ती बाहेर यावीत म्हणून पिंजऱ्यात आग पेटविण्यात आली. त्यात दोघांचाही अंत झाला. सुटकेच्या नावाखाली झालेली ही हिंसाच होय.

कावनच्या बाबतीत मात्र घाई झाली नाही. ‘फोर पॉज’ या संस्थेचे पशुवैद्य डॉ. आमिर खलील यांनी प्रथम त्याचा आहार तपासला. त्याला रोज सुमारे २५० किलो ऊस मिळत होता, शिवाय अधूनमधून मिठाई. परिणामी देह स्थूल आणि पोषण मात्र अपुरे! अयोग्य जमिनीवर वावरून नखेही तडकली होती. ऊस कमी करून फळे व भाज्या सुरू झाल्या. सुमारे तीन महिन्यांत त्याचे वजन जवळजवळ अर्ध्या टनाने उतरले. डॉक्टर त्याच्याजवळ उभे राहून गाणी म्हणत. हळूहळू त्याचा विश्वास बसला. प्रवासाच्या लोखंडी पेटीत स्वतःहून शिरण्याचा सरावही कित्येक आठवडे चालला.

नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस मालवाहू विमानाने कावन कंबोडियातील अभयारण्यात पोहोचला. तेथे दुसऱ्या हत्तीच्या सोंडेला त्याची सोंड लागली. आठ वर्षांत प्रथमच त्याला स्वजातीयाचा स्पर्श झाला.

कावनला ऊस देणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. परंतु ज्या जीवावर माया करायची, त्याचा स्वभाव आणि त्याची गरज जाणून घेतली नाही, तर त्या मायेचाही त्याला जाचच होतो. म्हणून एखाद्या निवारा केंद्राला देणगी देताना ‘येथे प्राण्यांना खायला काय देता?’ एवढेच विचारून थांबू नये. दिवसभर तो प्राणी काय करतो, त्याच्या पायाखाली कोणती जमीन आहे आणि त्याला सोबत कोणाची आहे, हेही आवर्जून विचारावे.