‘बीडीएल’ म्हणजे शून्य नव्हे

गावाकडच्या नदीच्या पाण्याचा अहवाल हाती आला. दोन पानी पीडीएफ. कीटकनाशकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द : ‘बीडीएल’. म्हणजे यंत्राच्या शोधमर्यादेखाली. काका म्हणाले, "बघ, काही निघालं नाही. उगाच ओरडता तुम्ही पोरं." मी ती मर्यादा किती, ते शोधत राहिलो. कुठेच छापलेली नव्हती.

मी पोटासाठी कोड लिहितो. आमच्याकडे ‘नल’ आणि शून्य यांत गल्लत केली की हिशेब कोसळतो. ‘नल’ म्हणजे माहीत नाही. शून्य म्हणजे मोजलं, आणि नाही. नदीच्या बाबतीत मात्र ही गल्लत सही-शिक्क्यानिशी चालते.

पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी 50 कोटी लिटर पाण्यात विरघळवा. लिटरमागे एक नॅनोग्रॅम होतो. कीटकनाशकं, औषधं, हार्मोन्स यांचे अंश नदीत शोधायचे तर अनेकदा याच पट्टीवर मोजावं लागतं. त्यासाठी लिटरभर पाणी खास कार्ट्रिजमधून गाळतात, अडकलेलं रसायन मिलिलिटरभर द्रावणात उतरवतात, मग ते मास स्पेक्ट्रोमीटरला देतात. त्यातही पाण्यातले कुजलेल्या पाचोळ्याचे अंश यंत्राचा सिग्नल दाबू शकतात. ती चूक भरून काढली नाही, तर घाण पाणीच ‘आढळले नाही’ म्हणून सुटतं!

आणि नीट शोधलं की सापडतं. हैदराबादजवळच्या पटनचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासलं. 2007 साली छापलेला आकडा : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे सोळा लिटरच्या बादलीत एक अख्खी गोळी. प्रक्रिया झाल्यावर!

त्यानंतर आपण काय केलं? जानेवारी 2020 च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांवर मर्यादा होत्या. 2021 च्या अंतिम नियमांतून त्या गळाल्या. मर्यादाच नाही, तर मोजायचं कुणाला पडलंय?

युरोपीय संघाचा 2009 चा निर्देश सांगतो की मापनपद्धतीला मानकाच्या 30 टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणही मोजता आलं पाहिजे. साधी गोष्ट आहे. किलोचा काटा घेऊन सोनं तोलायला बसू नये.

चांगली यंत्रं महाग आहेत, मान्य. पण ‘बीडीएल’शेजारी मर्यादा छापायला यंत्र लागत नाही, एक रकाना लागतो. तो रिकामा असेल, तर त्या अहवालाने नदीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. काकांनाही मी एवढंच विचारलं : "खाली म्हणजे कितीच्या खाली?"