काळजीचा पत्ता एकच

युद्धाच्या बातम्यांनी मन विटलं की मला वळिवडे आठवतं. कोल्हापूरहून रेल्वेने मिरजेकडे निघालं की लगेचच लागणारं गाव. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 मध्ये, इथल्या माळावर पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. माणसं पाच हजारांच्या आसपास, त्यातली बहुतेक बायका आणि मुलं. 1940 पासून सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधल्या राहत्या घरांतून उचललं होतं आणि मालगाड्यांत कोंबून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. 1941 मध्ये हिटलर रशियावर चालून गेला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. मग इराण, कराची करत, वाटेत घरची माणसं पुरत, ही मंडळी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात पोचली.

ही हकिगत सांगताना आपण नेहमी राजांची नावं घेतो. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, करवीर दरबाराने वळिवड्यात. तो मान त्यांचाच आहे. छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार सोसत होतं, हेही सांगायला हवं. पण माझं मन रेंगाळतं ते आजूबाजूच्या साध्या माणसांपाशी. ‘चले जाव’ला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. धान्य, रॉकेल, कापड, सगळ्याचीच ओढाताण होती. गोरा म्हणजे सायब, एवढीच गोऱ्याची ओळख होती. अशा दिवसांत हजारो गोरी माणसं शेजारी येऊन राहिली, तर कपाळावर आठी पडायला कारणं पुष्कळ होती. तरीही त्या छावणीत वाढलेल्या मुलांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी वाचल्या, तर कोल्हापूरविषयीची माया पानोपानी भेटते.

कौलारू बराकींच्या लांब रांगा, चटयांच्या भिंती, एकेका कुटुंबाला वेगळी जागा, दारात लावलेली फुलझाडं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची. मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते स्वतःच्या चुलीवर शिजवणं. हुकुमाप्रमाणे हातावर पडेल तो पावाचा तुकडा खाऊन जगलेली बाई इथे बाजारात उभी राहून भाजी निवडू शकत होती. ही महागडी, ती दे, असं म्हणू शकत होती. भाजीवालीनेही तिला गिऱ्हाईक मानलं. उपकाराची भाषा नाही, दयेचा सूर नाही. घर गमावलेल्या माणसाला रोजचा व्यवहार परत मिळणं ही किती मोठी गोष्ट असते, हे आपल्याला सहसा कळत नाही, कारण आपला तो कधी थांबलेला नसतो.

आणखी एक धागा आहे, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. या बायकांपैकी अनेकींचे नवरे, मुलगे, भाऊ जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्यात होते आणि ते सैन्य इटलीत लढत होतं. त्याच इटलीत आपले मराठेही लढत होते. मे 1944 मध्ये पोलिश सैनिकांनी माँते कासिनोचा मठ घेतला. 10 जुलैला टायबरच्या खोऱ्यात रायगडचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवरची चढाई सुरू झाली. त्या आघाडीवर एका बाजूला पोलिश पलटणी होत्या, तर दुसरीकडे नगरचे नामदेव जाधव जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरुंगांच्या पट्ट्यातून नदी पार करत होते. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर.

म्हणजे वळिवड्यात पोस्टमनची वाट बघणारी पोलिश आई आणि कोल्हापूर-साताऱ्याकडच्या एखाद्या गावात पलटणीतून येणाऱ्या पत्राची वाट बघणारी आपली आई, दोघींच्या काळजीचा पत्ता एकच होता. त्या एकमेकींना भेटल्या असतील का, एकमेकींचं बोलणं त्यांना किती कळलं असेल, कोण जाणे. पण लेक लढाईवर असलेल्या बाईचा चेहरा ओळखायला भाषा लागत नाही, एवढी माझी खात्री आहे.

युद्ध संपलं, पण या बायकांना घर मिळालंच नाही. त्यांची गावं नव्या सरहद्दीपलीकडे सोव्हिएत ताब्यात गेली होती. 1947-48 मध्ये छावणी हलली आणि माणसं इंग्लंड व इतर देशांत पांगली. त्या रिकाम्या बराकींत फाळणीने घरादाराला मुकलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथे हमखास जातो, ती कापडपेठ दोनदा वसलेल्या छावणीच्या जागेवर उभी आहे. तिथले दुकानदार गिऱ्हाइकापुढे साड्यांचे ढीग घालताना बघितले की मला माणसाच्या चिवटपणाचं अपार कौतुक वाटतं.

ज्या पोलंडच्या माणसांना वळिवड्यात आसरा मिळाला होता, त्याच पोलंडने 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा सीमा उघडली. प्शेमिशलच्या रेल्वे स्थानकावर, तान्ही पोरं काखेत घेऊन उतरणाऱ्या आयांसाठी पोलिश बायकांनी आपल्या घरच्या बाबागाड्या आणून ठेवल्या. त्याच सीमेवरून युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुलंही बाहेर पडली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. सीमेपर्यंतची वाट फार हाल करणारी होती. पलीकडे मात्र पोलंडने या मुलांना व्हिसाशिवाय आत घेतलं आणि तिथल्या लोकांनी त्यांना गरम जेवण दिलं, पांघरुणं दिली, झोपायला जागा दिली.