छावणीमागून येणारी माणसे

‘स्टॅबिलायझेशन’ हा शब्द मराठीत आणताना आम्हां भाषांतरकारांची नेहमीच पंचाईत होते. ‘स्थिरीकरण’ म्हटले की बाजारभाव डोळ्यांपुढे येतात. ‘शांतता-प्रस्थापना’ म्हणावे, तर बंदुका थांबल्या की काम संपले असा समज होतो. खरे काम तेथूनच सुरू होते. ह्या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा रायपूरच्या कारभारात अधिक नीट उमगतो.

छत्तीसगडच्या ह्या राजधानीपासून सुमारे ३०० किलोमीटरवर जगदलपूर, आणि त्याच्याही पलीकडे सुकमा-बिजापूरची अरण्ये. तेथे माओवाद्यांशी लढण्याचे काम मुख्यतः केंद्रीय राखीव पोलीस दलाने व राज्य पोलिसांनी केले, लष्कराने नव्हे. जखमींना उचलून आणण्यास हवाई दलाची हेलिकॉप्टरे मात्र धावून जात. २०१० साली संयुक्त कमान स्थापण्याचे ठरले, तेव्हा तीत एक निवृत्त मेजर जनरल सदस्य असावा असेही ठरले. त्याच वर्षीच्या एकात्मिक कृती योजनेने जिल्ह्याचा निधी तिघांच्या समितीकडे सोपवला: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी. वनाधिकारी कशासाठी, असे आपण विचाराल. अहो, रस्ता जंगलातूनच जायचा! आखणी एकाची, राखण दुसऱ्याची, झाडे तिसऱ्याची. तिघे एका मेजाशी बसले नाहीत, तर कागद फिरत राहतो आणि जवान उन्हात उभा राहतो.

त्या उभे राहण्याची किंमत मोठी असते. दोरनापाल-जगरगुंडा रस्त्यावर बुरकापालजवळ, रस्त्याच्या कामाची राखण करीत असलेले राखीव दलाचे २५ जवान २४ एप्रिल २०१७ रोजी मारले गेले.

ह्या मेजाशी चौथी खुर्चीही हवी, गावकऱ्याची. मे २०२१ मध्ये सिलगेर येथे नवी छावणी पडली. ग्रामसभेला विचारले नाही, अशी तक्रार करीत आसपासची गावे जमली; १७ मे रोजी झालेल्या गोळीबारात तिघे ठार झाले. ते आंदोलक होते की माओवादी, ह्यावर गावकरी व पोलीस यांचे एकमत झाले नाही. छावणीची निकड आम्हांस समजते. पण अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेचा मान १९९६ च्या कायद्याने दिलेला आहे, आणि तो राखण्यास एक बैठक व एक दुभाषी पुरतो.

२०२४ साली राज्य शासनाने ‘नियद नेल्लानार’ योजना काढली. नव्या छावण्यांपासून ५ किलोमीटरच्या आतील गावांना रेशन, वीज, पाणी, अंगणवाडी ह्या सोयी पोचवाव्यात, हा तिचा हेतू. गोंडीत त्या नावाचा अर्थ ‘तुमचे चांगले गाव’. सरकारी योजनेला गावच्या बोलीतले नाव मिळावे, ह्याचा भाषांतरकाराला आनंद होणारच! आता अर्जही त्याच बोलीत समजावून देणारा कारकून छावणीमागून यावयास हवा, आणि शक्य तर त्याच दिवशी.

दिवसांचा हिशेब क्षुल्लक नाही. जगरगुंड्याची शाळा २००६ साली बंद पडली. ती उघडली २०१९ साली. जी मुले त्या वर्षी पहिलीत बसायची, ती तोवर एकोणीस वर्षांची झाली होती.